लवाद करार आणि स्वाक्षरी न केलेले पक्ष

लवाद करारावर ज्या व्यक्तीची किंवा संस्थेची स्वाक्षरी नाही, तिला त्या करारातील लवादाची अट न्यायालयात पुढे करता येते काय, तसेच ती अट तिच्याविरुद्ध लागू करता येते काय, हा लवादविषयक कायद्यातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतात तो प्रामुख्याने ‘लवाद व सलोखा अधिनियम, १९९६’ या कायद्याच्या कलम २, ७, ८, ११, ३५, ४० आणि ४५ यांच्या आधारे सोडवला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ डिसेंबर २०२३ रोजी ‘कॉक्स अँड किंग्ज लि. विरुद्ध एसएपी इंडिया प्रा. लि.’ या प्रकरणात दिलेला निर्णय या विषयावरील सध्याचा प्रमुख आधार होय. स्वाक्षरी हा संमतीचा पुरावा आहे, पण एकमेव पुरावा नाही. तसेच केवळ नातेसंबंध किंवा हितसंबंध म्हणजे संमती नव्हे, असे या निर्णयाचे सार सांगता येते.

संकल्पना

दोन पक्षांनी आपसांतील वाद न्यायालयाऐवजी त्यांनी निवडलेल्या त्रयस्थाकडून सोडवून घेण्याचे ठरवले, तर त्या ठरावास लवाद करार म्हणतात. तो स्वतंत्र दस्तऐवज असू शकतो किंवा मोठ्या करारातील एक अट असू शकते. वाद ऐकणाऱ्या एका किंवा अनेक व्यक्तींच्या मंडळास लवाद न्यायाधिकरण व त्याच्या निर्णयास निवाडा म्हणतात. निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो.

करार फक्त करार करणाऱ्यांनाच बांधतो व त्यांनाच हक्क देतो, हे करारविषयक कायद्याचे मूलतत्त्व आहे. एरवी न्यायालयात जाण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. लवादाची अट मान्य करणारा तो हक्क आपण होऊन मर्यादित करून घेतो. म्हणून ज्याने अट मान्य केली नाही त्याला लवादाकडे ओढता येऊ नये, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु व्यवहारात एकाच कामासाठी मूळ कंपनी, तिची उपकंपनी, उपकंत्राटदार, हमीदार आणि अभिकर्ता असे अनेक जण गुंतलेले असतात व कागदावर सही त्यांपैकी दोघांचीच असते. वाद उद्भवल्यावर सही न केलेल्यांचे स्थान काय, हा प्रश्न तेथे निर्माण होतो.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिलीत सही न केलेला स्वतः अट पुढे करतो आणि सही केलेल्याला लवादाकडे नेऊ पाहतो. दुसरीत सही केलेला पक्ष सही न केलेल्याला लवादाकडे खेचू पाहतो. पहिल्या स्थितीत ज्याच्याविरुद्ध मागणी आहे त्याने लवाद ही पद्धत निदान कोणाबरोबर तरी मान्य केलेली असते. दुसऱ्या स्थितीत तीही मान्यता दिसत नाही. म्हणून काही देशांतील न्यायालये पहिल्या स्थितीकडे अधिक उदारतेने पाहतात. भारतीय कायद्यात मात्र दोन्ही स्थितींत कसोटी मुळात एकच आहे : त्या दोघांमध्ये लवादाविषयी संमती होती काय?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठेशाहीतील पंचायतीच्या न्यायपद्धतीत वाद पंचांपुढे जाण्यापूर्वी वादी व प्रतिवादी यांच्याकडून, पंचांचा निर्णय मान्य करू असा लेख घेण्याची रीत होती. या लेखास ‘राजीनामा’ म्हणत. ‘नोकरी सोडल्याचा अर्ज’ हा त्या शब्दाचा आजचा रूढ अर्थ असला, तरी मूळ अर्थ राजीखुशीने, म्हणजे संमतीने, दिलेला लेख असा आहे. निर्णयानंतर हरलेल्या पक्षाकडून ‘यजितखत’ लिहून घेतले जाई. पंचांच्या निर्णयाचे बंधन पक्षांच्या लेखी मान्यतेतून येते, ही कल्पना महाराष्ट्राला त्या अर्थाने जुनीच आहे.

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यासाठी १८२७ च्या सातव्या विनियमाने दिवाणी वादांतील लवादाची तरतूद केली. पुढे १८९९ व १९४० चे लवाद अधिनियम आले. आंतरराष्ट्रीय आदर्श कायद्याच्या धर्तीवर तयार झालेला १९९६ चा अधिनियम आज लागू असून त्यात २०१५, २०१९ व २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत.

अधिनियमातील तरतुदी

कलम २(१)(ह) नुसार ‘पक्ष’ म्हणजे लवाद कराराचा पक्ष. व्याख्येत स्वाक्षरीचा उल्लेख नाही. कलम ७ नुसार लवाद करार लेखी असावा लागतो. मात्र स्वाक्षरित दस्तऐवजाबरोबरच कराराची नोंद दाखवणारा पत्रव्यवहार, इलेक्ट्रॉनिक संदेश, तसेच एकाने करार असल्याचे सांगितले व दुसऱ्याने ते नाकारले नाही अशी दावा व बचावाची निवेदने यांतूनही तो सिद्ध होऊ शकतो. म्हणजे लेखी असणे आवश्यक आहे. प्रत्येकाची सही असणे आवश्यक नाही.

कलम ८ नुसार, लवादाची अट असलेल्या विषयावर कोणी न्यायालयात दावा लावल्यास दुसरा पक्ष तो लवादाकडे पाठवण्याचा अर्ज करू शकतो. २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने असा अर्ज ‘पक्षामार्फत किंवा पक्षाखाली हक्क सांगणारी व्यक्ती’ हिलाही करता येतो. परदेशी लवादाशी संबंधित कलम ४५ मध्ये अशी शब्दरचना आधीपासून होती. विधी आयोगाने २४६ व्या अहवालात (२०१४) ‘पक्ष’ या व्याख्येतही हे शब्द घालण्याची शिफारस केली होती. संसदेने बदल कलम ८ पुरताच केला.

कलम ३५ नुसार निवाडा पक्षांवर व त्यांच्याखाली हक्क सांगणाऱ्यांवर बंधनकारक असतो. कलम ४० नुसार पक्षाच्या मृत्यूने लवाद करार संपत नाही. मृताच्या कायदेशीर प्रतिनिधीकडून व प्रतिनिधीविरुद्ध तो अंमलात आणता येतो. सही न केलेल्याने लवादाची अट बजावण्याचे हे सर्वांत निर्विवाद उदाहरण होय.

न्यायालयीन निर्णयांची वाटचाल

आरंभीची न्यायालयीन भूमिका कडक होती. मुंबईतील एका भागीदारीच्या वादातून आलेल्या ‘सुकन्या होल्डिंग्ज विरुद्ध जयेश पंड्या’ (२००३) या प्रकरणात दाव्यातील काही प्रतिवादी लवाद कराराचे पक्ष नव्हते. दाव्याचे तुकडे करून एक भाग लवादाकडे व एक न्यायालयाकडे ठेवण्याची तरतूद कलम ८ मध्ये नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ‘इंडोविंड एनर्जी विरुद्ध वेसकेअर’ (२०१०) या प्रकरणात, प्रवर्तक एकच असले तरी सही न केलेली कंपनी लवाद कराराची पक्ष ठरत नाही, असे म्हटले गेले.

या भूमिकेला वळण मिळाले ते मुंबई उच्च न्यायालयात सुरू झालेल्या वादातून. मुंबईच्या क्लोरो कंट्रोल्स (इंडिया) या कंपनीने पाण्याच्या क्लोरिनीकरणाच्या यंत्रसामग्रीसाठी परदेशी कंपनीबरोबर संयुक्त उपक्रम केला होता. त्यासाठी १९९५ मध्ये अनेक करार झाले. लवादाची अट भागधारकांच्या मुख्य करारात होती, काही करारांत ती नव्हती आणि सर्व करारांचे पक्षही एक नव्हते. क्लोरो कंट्रोल्सने दावा लावल्यावर प्रतिवादींनी तो लवादाकडे पाठवण्याची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१२ रोजी हा सारा एकसंध व्यवहार मानला व सही न केलेल्यांसह संपूर्ण वाद लवादाकडे पाठवण्यास मान्यता दिली. पक्षाशी थेट संबंध, विषयाची समानता आणि एकमेकांवर अवलंबून असलेले करार ही त्या वेळची गमके होती. येथूनच ‘कंपनीसमूह सिद्धान्त’ भारतीय कायद्यात स्थिरावला.

त्यानंतर हा सिद्धान्त कोठवर ताणावा याविषयी मतभेद निर्माण झाले. प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. मग समूहातील एकीच्या सहीने दुसरी कशी बांधली जाते, हा आक्षेप होता. पर्यटन व्यवसायातील कॉक्स अँड किंग्ज आणि संगणक-प्रणाली पुरवणारी एसएपी इंडिया यांच्या वादात, सही न केलेल्या जर्मन मूळ कंपनीला लवादात आणण्याची मागणी झाली तेव्हा, मे २०२२ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २०२३ मध्ये पुढील मुद्दे निश्चित केले :

१. ‘पक्ष’ या व्याख्येत सही केलेले व न केलेले दोन्ही प्रकारचे पक्ष येऊ शकतात.
२. सही न केलेल्याचे वर्तन त्याच्या संमतीचे द्योतक असू शकते. करार लेखी असावा या अटीशी हे विसंगत नाही.
३. कंपनीसमूह सिद्धान्त कायम राहील. मात्र केवळ एकाच समूहातील असणे किंवा आर्थिक हित एक असणे पुरेसे नाही.
४. ‘पक्षामार्फत किंवा पक्षाखाली हक्क सांगणारा’ हा स्वतंत्र पक्ष नसून मूळ पक्षाच्या जागी उभा राहतो. कंपनीसमूह सिद्धान्ताचा उगम या शब्दांत शोधणे, हे ‘क्लोरो कंट्रोल्स’मधील विवेचन त्यापुरते चुकीचे होते.

न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांनी स्वतंत्र सहमतीचा निर्णय लिहिला. याच वादात ९ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाची नेमणूक केली आणि जर्मन कंपनी खरोखर पक्ष आहे काय, हे ठरवण्याचे काम त्या लवादावर सोपवले.

अट बजावण्याचे दोन मार्ग

या निर्णयानंतर सही न केलेल्याला लवादाची अट पुढे करण्याचे दोन वेगळे मार्ग उरतात.

पहिला मार्ग आपण स्वतःच खरे पक्ष आहोत असे दाखवण्याचा. त्यासाठी पक्षांचा परस्पर हेतू, सही केलेल्याशी असलेले नाते, विषयाची समानता, व्यवहाराचे एकसंध स्वरूप आणि कराराच्या पूर्ततेतील सहभाग या पाच गोष्टी एकत्रित पाहिल्या जातात. वाटाघाटी, पूर्तता किंवा करार संपुष्टात आणणे यांतील सहभाग थेट व भरीव असावा लागतो; प्रासंगिक मदत पुरत नाही. हा मार्ग सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीला सही केलेल्या पक्षाचे सर्व अधिकार मिळतात. न्यायाधिकरणाने पक्ष ठरवल्यानंतर तिला कलम ९ खाली अंतरिम संरक्षणही मागता येते.

दुसरा मार्ग दुसऱ्याच्या हक्काच्या आधाराने येण्याचा. वारस, हक्कांचे अभिहस्तांकन झालेला, विलीनीकरणानंतरची उत्तराधिकारी कंपनी हे या प्रकारात मोडतात. त्यांना मूळ पक्षाला जेवढा हक्क होता तेवढाच मिळतो, अधिक नाही. मूळ पक्षाविरुद्ध असलेले बचावही त्यांच्याविरुद्ध घेता येतात.

याशिवाय अभिकर्त्याने सही केली असता ज्याच्या वतीने केली तो पक्ष ठरणे, किंवा कपटासाठी वापरलेला कंपनीचा पडदा दूर सारणे, ही करारविषयक व कंपनीविषयक कायद्याची सामान्य तत्त्वेही लागू होऊ शकतात. एका करारातील लवादाची अट दुसऱ्या करारात ओढायची असेल तर मात्र मूळ कराराचा नुसता उल्लेख पुरत नाही. ती अट समाविष्ट करण्याचा हेतू स्पष्ट दिसावा लागतो, असे ‘एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स’ (२००९) या उपकंत्राटदाराच्या प्रकरणात ठरले.

कार्यपद्धती

दावा दाखल झालेला असल्यास कलम ८ चा अर्ज वादाच्या मूळ मुद्द्यांवरील पहिले निवेदन देण्यापूर्वी किंवा त्यासोबत करावा लागतो. उशीर झाल्यास हक्क गमावण्याचा धोका असतो. अर्जासोबत मूळ लवाद करार किंवा त्याची प्रमाणित प्रत लागते. सही न केलेल्याजवळ मूळ करार बहुधा नसतो. तो विरुद्ध पक्षाजवळ असल्यास साधी प्रत जोडून, मूळ दस्तऐवज हजर करण्याचा आदेश द्यावा अशी विनंती करण्याची सोय २०१५ च्या दुरुस्तीने केली आहे. लवादाकडे पाठवण्यास नकार मिळाल्यास कलम ३७ खाली अपील करता येते.

न्यायालय या टप्प्यावर प्रश्नाचा प्रथमदर्शनी विचार करते. सही न केलेला खरा पक्ष आहे काय, याचा अंतिम निर्णय पुराव्यानिशी न्यायाधिकरण देते. ‘एएसएफ बिल्डटेक विरुद्ध शापूरजी पालनजी’ (२ मे २०२५) या निर्णयानुसार न्यायाधिकरण स्वतःच्या अधिकारात सही न केलेल्याला पक्ष म्हणून जोडू शकते. याउलट, जो पक्ष नाही त्याला लवादाच्या कामकाजात नुसते उपस्थित राहण्याचा हक्क नाही, असे ‘कमल गुप्ता विरुद्ध एल. आर. बिल्डर्स’ (ऑगस्ट २०२५) या प्रकरणात ठरले.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्यातील दोन प्रमुख व्यवसायांची रचनाच अशी आहे की त्यांत सही करणारे थोडे व काम करणारे अनेक असतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स (महिको) कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. शहराच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या पोलाद कारखान्यांची मोठी संख्या आहे.

बीजोत्पादनात कंपनी, मध्यस्थ संयोजक व शेतकरी अशी साखळी असू शकते. समजा, कंपनी व संयोजक यांच्या लेखी करारात लवादाची अट आहे आणि शेतकऱ्याची सही कोठेच नाही. बियाण्याचे पैसे थकल्यास शेतकऱ्याला कंपनीविरुद्ध ती अट वापरता येईल काय? करारात उत्पादक शेतकऱ्यांची यादी असेल, पायाभूत बियाणे कंपनीने थेट दिले असेल, तिच्या अधिकाऱ्यांनी शेताची तपासणी केली असेल आणि पैसे थेट खात्यात जमा होत असतील, तर संमतीचा मुद्दा मांडता येतो. अशी कागदपत्रे म्हणूनच मोलाची ठरतात. व्यवहार केवळ संयोजकाशीच असेल तर आपले पीक अखेर कंपनीकडे जाते, एवढ्यावर शेतकरी पक्ष ठरणार नाही. तरीही त्याचा संयोजकाविरुद्ध नेहमीच्या दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा राहतो. सही केलेल्या शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांना कलम ४० नुसार अट बजावता येते.

बियाणे सदोष निघाल्याची तक्रार असल्यास स्थिती निराळी असते. ‘नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी’ (२०१२) या निर्णयानुसार बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरू शकतो आणि करारात लवादाची अट असली तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते. २०१५ च्या दुरुस्तीनेही हा हक्क हिरावला नाही, हे ‘एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग’ (२०१८) या प्रकरणात स्पष्ट झाले. ज्याने सही केली त्या ग्राहकालाही अट अडवू शकत नाही. मग सही न केलेल्या शेतकऱ्याविरुद्ध ती पुढे करून ग्राहक आयोगातील तक्रार थांबवता येणे अधिकच कठीण आहे.

भूसंपादनातील लवाद या चर्चेबाहेरचा आहे. अंबड तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ सारख्या रस्त्यांसाठी जमीन गेल्यास, मोबदल्याचा वाद राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ग(५) खाली केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जातो. तेथे करारच नसतो. लवादाचे बंधन थेट कायद्यातून येते. त्यामुळे ‘आम्ही सही केलेली नाही’ हा मुद्दा तेथे गैरलागू ठरतो.

देशांतर्गत करारासाठी कलम ११ खाली लवाद नेमण्याचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाकडे करावा लागतो; जालना जिल्हा त्याच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. एखादा पक्ष परदेशी असेल तर असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात होतो.

इतर देशांतील स्थिती

फ्रान्स : कंपनीसमूह सिद्धान्ताचे मूळ ‘डाऊ केमिकल विरुद्ध इझोव्हर सेंट गोबेन’ या १९८२ च्या निवाड्यात आहे. तेथे सही न केलेल्या समूह-कंपन्या स्वतःच दावेदार होत्या व त्यांचा दावा ऐकण्यास न्यायाधिकरणाने मान्यता दिली. पॅरिसच्या अपील न्यायालयाने १९८३ मध्ये ते उचलून धरले.

इंग्लंड : १९९९ च्या त्रयस्थांच्या हक्कांविषयीच्या कायद्याच्या कलम ८ नुसार, करारातील ज्या लाभाला लवादाची अट जोडलेली आहे तो लाभ बजावणारा त्रयस्थ लवाद कराराचा पक्ष मानला जातो. कंपनीसमूह सिद्धान्त मात्र तेथे मान्य नाही. ‘पीटरसन फार्म्स विरुद्ध सी अँड एम फार्मिंग’ (२००४) या प्रकरणात भारतीय कुक्कुटपालन कंपनीला तिच्या समूहातील इतर कंपन्यांच्या नुकसानीबद्दल मिळालेली भरपाई इंग्रजी न्यायालयाने याच कारणाने नाकारली.

अमेरिका : ‘आर्थर अँडरसन विरुद्ध कार्लाइल’ (२००९) नुसार, राज्याचा करारविषयक कायदा परवानगी देत असल्यास सही न केलेलाही अट बजावू शकतो. विबंधाचे तत्त्व, म्हणजे कराराचा लाभ घेऊन त्यातील लवादाची अट मात्र नाकारता येत नाही हे तत्त्व, तेथे विशेष वापरले जाते. ‘जीई एनर्जी विरुद्ध आउटोकुम्पू’ (२०२०) या प्रकरणात अलाबामातील पोलाद कारखान्याला मोटारी पुरवणारा उपकंत्राटदार मूळ करारातील अट मागत होता. १९५८ चा न्यूयॉर्क आंतरराष्ट्रीय करार या तत्त्वाच्या आड येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

मतभेद आणि अपुरे प्रश्न

सिद्धान्ताच्या समर्थकांच्या मते, एकाच व्यवहाराचे दोन ठिकाणी खटले चालल्यास खर्च वाढतो, निर्णय परस्परविरोधी होऊ शकतात आणि सही टाळून जबाबदारी टाळता येते. टीकाकारांच्या मते, सोयीसाठी संमतीचा निकष सैल केल्यास मर्यादित जबाबदारीवर उभी असलेली कंपनीची कल्पनाच डळमळते. प्रश्न न्यायाधिकरणाकडे सोपवण्याच्या पद्धतीमुळे न्यायालयाचा वेळ वाचतो. परंतु अखेरीस पक्ष न ठरणाऱ्यालाही तोवर लवादाचा खर्च सोसावा लागतो, ही अडचण लहान उद्योजकाला अधिक जाणवते.

सही न केलेल्यांविषयी अधिनियमात अद्याप स्पष्ट तरतूद नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यातही ती नव्हती, याकडे सर्वोच्च न्यायालयाने ‘एएसएफ बिल्डटेक’ निर्णयात लक्ष वेधले. त्यामुळे हा कायदा तूर्त न्यायालयीन निर्णयांवर उभा आहे आणि प्रत्येक प्रकरणात उत्तर पत्रव्यवहार, देयके, भेटींच्या नोंदी व वर्तन यांतून दिसणाऱ्या संमतीवर अवलंबून राहते.